शेडमधली पांढरी रेषा

जेवणाच्या ताटाशेजारी एक कार्ड ठेवलं होतं. नावांचे उच्चार बरोबर आहेत का ते पाहून घ्या, तीन वाजता हे मैदानात वाचलं जाईल, असं कॉलेजची एक मुलगी सगळ्या टेबलांवर सांगत फिरत होती. हार्लन उबेननं चष्मा पुसला आणि कार्ड पुन्हा वाचलं.

मार्ला उबेन, क्रमांक बत्तीस, गाव डीटर्स ग्रोव्ह. वडील : हार्लन. आई : आणि तिथं पेननं मारलेली एक आडवी रेघ. खाली मार्लाच्याच अक्षरात एक ओळ होती. 'मला जे काही येतं ते बाबांनी शिकवलं. त्यांचे आभार.'

आर्डिथला जाऊन चार महिने आणि नऊ दिवस झाले होते. हार्लनला हे मुद्दाम मोजावं लागत नसे. सकाळी पायात बूट घालताना आकडा आपोआप समोर येई.

"रेघ मारलीय तिनं," लोईस म्हणाली. ती आर्डिथची थोरली बहीण. हॅन्सन सिटीहून एकटीच गाडी चालवत आली होती आणि कोटसुद्धा न काढता बसली होती.

"पाहिलं मी."

"नाव आर्डिथ असं लिहून द्यायला किती वेळ लागला असता? एवढंसं तर नाव."

हार्लनची आई तेना कॉफी आणायला काउंटरकडे गेली होती, आणि लोईस तेवढ्याचीच वाट पाहत होती हे त्याला कळत होतं.

त्या दिवशी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना होता. शेवटच्या वर्षाची प्रत्येक मुलगी सामन्याआधी आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मधोमध जाते, आईला गुलाबाचं फूल देते, कार्ड वाचलं जातं, फोटो निघतो. आणि एरवी बाकावर बसणारी असली तरी त्या दिवशी कोच तिला पहिल्या पाचजणींत उतरवते. तसा रिवाजच आहे. मार्ला चार वर्षं बाकावर बसली होती. डीटर्स ग्रोव्हहून अडतीस माणसं शाळेची बस करून तिला पहिल्या पाचांत बघायला आली होती.

"हार्लन, माझ्याकडे बघ," लोईस म्हणाली. "खोली मी रंगवली होती. पडदे शिवले होते. तू फोनवर सांगितलंस की आर्डिथ पोरीला पाठवायला तयार नाही. मी माझ्या सख्ख्या बहिणीशी चौदा महिने बोलले नाही."

"हो."

"आणि ती दवाखान्यात मला म्हणते, लोईस, मी कधी नको म्हटलंच नव्हतं."

हार्लननं काटा ताटाच्या कडेला ठेवला. आर्डिथनं बहिणीला सांगितलंय, हे त्याला अंत्यविधीच्या दिवशीच कळलं होतं. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच वाटताना लोईसनं त्याच्या ताटात एक ठेवलं होतं आणि त्याच्याकडे असं पाहिलं होतं की त्यानं ते तसंच ताटात सोडलं होतं.

"मी तिला विचारलं, मग पोरीला का सांगत नाहीस? तर म्हणाली, मी गेल्यावर तिला तेवढा एकच माणूस उरणार आहे." लोईसचा आवाज चढला नव्हता. "तुझ्यासाठी नाही हं ती गप्प राहिली. असा गैरसमज करून घेऊ नकोस. पोरीसाठी राहिली."

"ठाऊक आहे मला."

"मग तीन वाजायच्या आत तू तिला सांग. नाहीतर मी सांगेन. आणि मी चांगल्या शब्दांत सांगणार नाही."

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा आयोवा राज्यातल्या मोठ्या गावांतल्या शाळा पाचजणींचा बास्केटबॉल खेळू लागल्या होत्या, सगळं जग खेळतं तसा. डीटर्स ग्रोव्हसारख्या लहान गावांनी आपला जुना सहाजणींचा खेळ सोडला नव्हता. त्यात तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात, तिघी दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. अलीकडच्या तिघींनी फक्त बास्केट करायचं, पलीकडच्या तिघींनी फक्त अडवायचं. मार्ला बास्केट करणारी होती. तिनं आयुष्यात कुणाला अडवलं नव्हतं.

जुलै महिना होता आणि मार्ला मक्याचे तुरे काढायच्या कामाला शेतावर गेली होती. कॉलेजची कोच नॉर्डाल स्वयंपाकघरात येऊन बसली. आर्डिथ गावात बायबलच्या वर्गाला गेलेली. कोच हार्लनला स्पष्ट म्हणाली की पोरीच्या हातासारखा हात तिनं पाहिलेला नाही, शिष्यवृत्ती ती देणारच आहे, पण शाळेची शेवटची दोन वर्षं तिला पाचजणींत खेळू द्या. नाहीतर ती अर्ध्या मैदानाचीच राहील, आणि अर्ध्या मैदानाच्या मुलीला मी खेळवू शकत नाही. हॅन्सन सिटीच्या शाळेत पाचजणींचा खेळ होता. लोईस मावशीचं घर शाळेपासून तीन रस्ते दूर.

आर्डिथनं ऐकल्याबरोबर मुलीच्या कपड्यांचा विचार सुरू केला होता. नको म्हणाला तो हार्लन. मुलींच्या संघाची बस तो चालवत असे, सामन्याचं घड्याळ तोच लावत असे, आणि राज्याचं विजेतेपद गावाला कधी मिळालं नव्हतं. मार्लाला ते कारण सांगायची त्याला लाज वाटली. कोच येऊन गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं; मावशीनं खोली रंगवल्याचं ऐकून तिनं, जाऊ का, असं विचारलं तेव्हा तो शेडमध्ये ट्रॅक्टरखाली दुरुस्ती करत पडला होता. तिथूनच तो म्हणाला, "तुझी आई नको म्हणते." मग तेच त्यानं लोईसला फोनवर सांगितलं. आर्डिथला कळलं तेव्हा ती बराच वेळ भांडी पुसत राहिली आणि म्हणाली, "माझं नाव घेतलंसच ना, आता असू दे."

मार्लानं डेमॉइनला राज्याच्या अंतिम सामन्यात एकसष्ट गुण केले. गावाच्या वेशीवर विजेतेपदाची पाटी लागली. हार्लन धान्य विकायला जाताना दर वेळी त्या पाटीखालून जाई.

तेना कॉफी आणि ॲपल पायचे तुकडे घेऊन आली. शहात्तर वर्षांची बाई. आज निळा कोट घातला होता आणि त्यावर पितळी पिन लावली होती, कारण आईच्या जागी तिला चालायचं होतं. तिनं लोईसला एक तुकडा दिला आणि म्हणाली की तुझ्या बहिणीच्या हातची याला चव नाही.

"चांगलं म्हणालात एकदा तिला," लोईस म्हणाली.

"मी नेहमीच म्हणते. एक गोष्ट तर तिनं फार शहाणपणाची केली. पोरीला गावात ठेवलं. दुसरी कुणी असती तर बहिणीच्या घरी पाठवून मोकळी झाली असती." तेनानं कॉफीत साखर घातली. "मी तिच्या तोंडावर सांगायचे."

लोईसनं हार्लनकडे पाहिलं. हार्लननं आपल्या कपाकडे.

मार्ला आली ती केस ओले, अंगात कॉलेजचं जाकीट. आजीच्या गालाला गाल लावला, मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबांच्या ताटातला चिकनचा तुकडा उचलून उभ्या उभ्याच खाल्ला. लहानपणापासूनची तिची सवय. हार्लनला ते इतकं बरं वाटलं की त्याचा सांगायचा धीर सुटला.

"पाहुण्या संघाची दहा नंबरची अडवायला माझ्याकडे येणार," ती म्हणाली. "तीन मिनिटांत ती सहा गुण करेल आणि कोच मला बोलावून घेईल. बसमधल्या लोकांना सांगून ठेवा, पॉपकॉर्न आधीच आणा."

"तीन मिनिटांत तूही सहा करशील," तेना म्हणाली.

"आजी, मी केले तरी तेवढेच माझ्यामुळे जातात. कोचनं दुसऱ्या वर्षी हिशेब मांडून दाखवला होता मला." तिनं हाडूक रुमालात गुंडाळलं. "आठवतं ना बाबा? चेंडू आमच्याकडे असला की मला आत पाठवायची आणि त्यांच्याकडे गेला की बाहेर. चार वेळा आत-बाहेर. समोरच्या बाकावरच्या पोरी म्हणायला लागल्या, अर्धी आली, अर्धी गेली."

हार्लनला आठवत होतं. आर्डिथ त्या दिवशी शेजारी बसली होती आणि तिनं त्याचा हात हातात घेतला नव्हता.

"कार्डावर रेघ का मारलीस?" लोईसनं विचारलं.

मार्लानं कार्ड उलटं करून ठेवलं. "मग काय लिहू मावशी? खोटे आभार लिहू?"

"आई होती ती तुझी."

"मी तिला विचारलं होतं. दवाखान्यात, शेवटच्या खेपेला. म्हटलं, एवढं एकच सांग, मला का जाऊ दिलं नाहीस. ती खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. मी अर्धा तास बसले. मग मला सरावाला परतायचं होतं." मार्लानं जाकिटाची चेन वर ओढली. "मी काही तिच्यावर चिडलेले नाही आता. फक्त तिच्या नावानं फूल द्यावंसं वाटत नाही."

हार्लननं तोंड उघडलं. त्याच वेळी दारातून कुणीतरी शेवटच्या वर्षाच्या मुलींना हाक मारली आणि मार्ला गेली. लोईसनं मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं, त्याला दिसेल असं.

तीनला पाच कमी असताना सगळे आईबाप बोगद्यासारख्या वाटेत एका ओळीत उभे राहिले. मार्ला शेवटून दुसरी होती. एका बाजूला हार्लन, दुसऱ्या बाजूला तेना, मार्लाच्या हातात सेलोफेनमध्ये गुंडाळलेला गुलाब. पुढच्या मुलीची आई आताच रडत होती आणि तिचा नवरा तिला पाठीवर थोपटत होता. लोईस दुसऱ्या रांगेत, वाटेच्या तोंडाशीच बसली होती. ती उठून दोन पावलं आली असती तरी पुरे होतं.

नाव पुकारलं गेलं. डीटर्स ग्रोव्हची अडतीस माणसं उठून उभी राहिली.

वाटेपासून मैदानाच्या मध्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. सहा-सात पावलं झाल्यावर हार्लन समोर बघतच म्हणाला, "मार्ला, तुझी आई नको म्हणाली नव्हती."

"काय?"

"हॅन्सन सिटीला जायला. ती तयार होती. नको मी म्हणालो. तिचं नाव मी घेतलं."

मार्ला चालत राहिली. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच होतं, कारण फोटोवाला समोर गुडघ्यावर बसला होता. फक्त हार्लनच्या दंडात अडकवलेला तिचा हात जड झाला.

"तेव्हा कोच आली होती?" तिनं हळूच विचारलं.

"घरी आली होती. सगळं सांगून गेली होती."

"काय सांगून?"

"की पाचजणींत खेळली नाही तर बाकावर बसेल."

वर ध्वनिवर्धकातून कार्ड वाचलं जात होतं. मला जे काही येतं ते बाबांनी शिकवलं. त्यांचे आभार. टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांत जोरात बसमधल्या माणसांच्या. फोटोवाला म्हणाला, थोडं जवळ या, वडील थोडे जवळ या. हार्लन जवळ सरकला. फोटो निघाला. तो फोटो पुढं गावच्या साप्ताहिकात छापून आला आणि त्यात तिघंही चांगले दिसतात.

गुलाब तेनाला द्यायचा होता. मार्लानं दिला नाही. ती परत फिरली, एकटीच, झपाझप, आणि दुसऱ्या रांगेपाशी थांबून तिनं तो लोईसच्या मांडीवर ठेवला. लोईसनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपलं काम उरलं नाही हे तिला कळलं.

सामना सुरू झाला. पहिलाच चेंडू मार्लाकडे आला, रिंगपासून बारा फुटांवर, समोर कुणी नाही. ही तिची जागा. घरच्या शेडमधल्या रिंगवर त्या अंतरावरून तिनं रोज संध्याकाळी दोनशे वेळा चेंडू टाकला होता. मागून गावचा पोस्टमन ओरडला, "टाक, मार्ला." तिनं चेंडू बाजूच्या मुलीला देऊन टाकला.

मग ती पळत दुसऱ्या टोकाला गेली आणि दहा नंबरच्या अंगाला चिकटली. पाय चुकत होते, हात उशिरा येत होते. दहा नंबर तिला सहज चुकवून गेली आणि मार्ला मागून तिच्यावर धडकली. फाउल. पुन्हा चेंडू मार्लाकडे, पुन्हा मोकळी जागा, पुन्हा तिनं दुसरीला दिला. बसमधली माणसं आता चिडल्यासारखी ओरडत होती. टाक ना ग, टाक. अडवायच्या टोकाला ती पुन्हा धडपडली, गुडघ्यावर पडली, उठली. दुसरा फाउल.

"काय झालंय हिला?" हार्लन पुटपुटला.

"ती टाकणार नाही," तेना म्हणाली. "ती माझी जागा खेळतेय."

तेना एकोणीसशे तेहतीस साली डीटर्स ग्रोव्हकडून अडवणाऱ्या तिघींत खेळली होती. चार वर्षं खेळली आणि सामन्यात एकदाही रिंगकडे चेंडू टाकला नाही. नियमच तो होता. रेषेपाशी चेंडू पुढच्यांच्या हातात द्यायचा आणि उभं राहून बघायचं. ती ते नेहमी हसत सांगायची.

"तू मगाशी काय म्हणालास ते मी ऐकलं," ती पुढे म्हणाली. ती समोर मैदानाकडेच बघत होती. "आधी वाटलं माझे कान गेले."

"आई, नंतर बोलू."

"मी सहा वर्षं आर्डिथचं कौतुक केलं, हार्लन. तिनं जे केलंच नाही त्याचं. दर वेळी, तिच्याच टेबलावर बसून. आणि दर वेळी ती मला आणखी बटाटे वाढायची." तेनानं कोटावरची पिन काढून पर्समध्ये टाकली. "तू तिथं असायचास. तू पाव खात असायचास."

सातव्या मिनिटाला मार्लाचा पाचवा फाउल झाला. पाच झाले की बाहेर. तिनं एकदाही रिंगकडे चेंडू टाकला नव्हता. दहा नंबरनं आठ गुण केले होते. कोच नॉर्डालनं तिच्या खांद्याला हात लावला, मार्लानं मान हलवली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली, चार वर्षं बसत होती तिथंच. बसमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या आधीसारख्या नव्हत्या. परत जाताना कुणीतरी म्हणालं की घाबरली बिचारी.

सामना संपल्यावर हार्लन बाहेरच्या पायऱ्यांपाशी उभा राहिला. बर्फ बाजूला लोटून ठेवलं होतं आणि त्यावर गाड्यांची काजळी बसली होती. मार्ला बाहेर आली ती पिशवी खांद्याला लावून, लोईसबरोबर.

"मी मावशीकडे जाते," ती म्हणाली. "ती खोली अजून आहे म्हणते ती. शिवणाचं मशीन ठेवलंय इतकंच."

"मार्ला, मी तुला तेव्हाच सांगणार होतो."

"केव्हा?"

हार्लन पायरीवरचं बर्फ बुटानं बाजूला सारत राहिला.

"ती खिडकीकडे तोंड करून पडली होती, बाबा. मी अर्धा तास बसले आणि निघून आले. मला वाटलं तिला बोलायचंच नाही." मार्लाचा आवाज अगदी साधा होता, रस्ता विचारावा तसा. "ते तुम्ही मला परत देऊ शकता का? खेळाचं राहू द्या. तेवढं."

लोईसनं गाडीचं दार उघडलं. मार्ला बसली, मग काच खाली केली.

"शेडमधली रिंग उतरवून ठेवा. मी कधी आलेच तर मला ती दिसायला नको."

परतीच्या अर्ध्या तासात तेना बाजूच्या काचेतून बाहेर बघत बसली. वेशीवरची पाटी आली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते, झोपली नव्हती तरी. आर्डिथ गेल्यापासून ती अंगणापलीकडच्या छोट्या घरातून हार्लनचा स्वयंपाक करत असे. जेवण तयार झालं की ओसरीवरची घंटा वाजवायची. रोज सहा वाजता.

हार्लन कपडे न बदलता शेडमध्ये गेला. शिडी लावली. रिंगचे चार बोल्ट गंजले होते, पण तेल सोडल्यावर सुटले. ही रिंग लावताना आर्डिथनं खाली उभं राहून फळी तोलून धरली होती आणि म्हणाली होती की अजून डावीकडे, अजून थोडं, बस. त्यानं फळी भिंतीला पालथी टेकवून ठेवली.

मग त्याचं लक्ष जमिनीकडे गेलं. सिमेंटवर पांढरी रेषा होती, मैदानाच्या मधली. रस्त्यावर पट्टे मारायचा रंग आणून त्यानं ती मारली होती आणि मार्ला शाळेत असेपर्यंत दर शरद ऋतूत नव्यानं गिरवली होती. रेषेच्या पलीकडे ट्रॅक्टर उभा असे. पलीकडची जागा त्यानं कधी मोकळी केलीच नव्हती.

त्यानं सपाट फावडं घेतलं आणि गुडघ्यावर बसून खरवडायला लागला. वरचा थर निघाला. त्याच्याखाली आदल्या वर्षाचा होता, त्याखाली त्याच्या आदल्या वर्षाचा. हातभर रेषा खरवडून झाली तेव्हा त्याचं मनगट दुखायला लागलं होतं आणि सिमेंटवर पांढरं तसंच दिसत होतं.

दाराबाहेर उजेड कमी झाला. समोरच्या छोट्या घरातल्या स्वयंपाकघराचा दिवा लागला, पडद्यामागून तेना फिरताना दिसली, ताट मांडून एकटी बसताना दिसली. हार्लननं फावडं थांबवलं आणि कान दिला. साडेसहा होऊन गेले होते. घंटा वाजली नाही.